लांबलेला दुष्काळ, खान्देशची शेती आणि घरातले धान्य : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतले कोरडवाहू व विहीर-बागायतदार शेतकरी, बचत गटांतल्या महिला आणि ग्रामपंचायत सदस्य दुष्काळाच्या वर्षांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे घेतले आहेत. पाऊस आपल्या हातात नाही. पण विहिरीत किती पाणी आहे आणि कणगीत किती धान्य आहे, हे दोन्ही मोजता येते. बहुतेक उत्तरे शेवटी त्या मोजण्यापाशीच येतात.

पाऊस सरासरीच्या ८० टक्के झाला, मग दुष्काळ कसा म्हणायचा?

कारण पीक सरासरीवर जगत नाही. जूनच्या शेवटी चार दिवस झोडपून गेला आणि पुढे आश्लेषा-मघा कोरड्या गेल्या, तर आकडा चांगला दिसतो आणि ऐन पाते-फुलात कापूस उभा वाळतो. हलक्या, मुरमाड जमिनीत पावसाचा दोन आठवड्यांचा खंड पीक मारायला पुरे होतो. भारी काळी जमीन तीन-साडेतीन आठवडे तग धरते, पण एकदा भेगाळली की त्या भेगांतूनच उरलेली ओल उडते.

लांबलेला दुष्काळ ही त्याहून वेगळी गोष्ट. पहिल्या वर्षी विहीर वाचवते. दुसऱ्या वर्षी तीच विहीर पावसाळ्यात रिकामी शिरते, त्यामुळे सरासरीइतका पाऊस झाला तरी तो खडकाची तहान भागवण्यातच जातो. चारा पहिल्या वर्षी साठ्यातला असतो, दुसऱ्या वर्षी विकतचा. कर्जाचेही तसेच. म्हणून दुसऱ्या वर्षाचा फटका पहिल्याच्या दुप्पट नव्हे, त्याहून मोठा बसतो.

खान्देशलाच हे वारंवार का भोगावे लागते?

सह्याद्री ओलांडून येणारे ढग तापीच्या खोऱ्यात पोहोचेपर्यंत हलके झालेले असतात. पश्चिमेच्या नवापूर, अक्कलकुव्याकडे पाऊस चांगला. शिंदखेडा, अमळनेर, पारोळा, चाळीसगाव या पट्ट्यात कमी आणि बेभरवशाचा. २०२३ मध्ये राज्याने ज्या ४० तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला, त्यांत चाळीसगाव, शिंदखेडा आणि नंदुरबार होते.

दुसरे कारण जमिनीखाली आहे. धुळे-नंदुरबारकडे कठीण काळा पाषाण, त्याला जागोजागी उभ्या दगडी भिंतींसारखे डाइक छेदून गेलेले. एका शेतात विहिरीला पाणी आणि डाइकच्या पलीकडे ठणठणीत, हा प्रकार त्यामुळेच. शिरपूर, चोपडा, यावल, रावेरकडे तापीचा खोल गाळ आहे. त्यातले पिवळ्या चिकण मातीचे थर पाणी खाली जाऊ देत नाहीत, म्हणून वरून पाऊस पडूनही खोल कूपनलिकांची पातळी उतरत राहते.

धडगाव, अक्कलकुव्याच्या डोंगरी पाड्यांचे दुखणे आणखी निराळे. तिथे पाऊस भरपूर, पण उतारावरून तो तासाभरात निघून जातो आणि मार्चमध्ये झिरे आटतात. त्या भागाला कमी पावसाचा प्रदेश म्हणून उपाय सुचवले की ते हमखास चुकतात.

पेरणी नेमकी कधी करायची? दुबार पेरणी परवडत नाही.

७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय कोरडवाहू पेरणी करू नका. मंडळाच्या पर्जन्यमापकावर विसंबू नका, तो दहा किलोमीटर दूर असू शकतो. फावड्याने खड्डा घ्या आणि सहा-आठ इंच खोलीवरची माती मुठीत दाबा. गोळा झाला आणि कमरेच्या उंचीवरून टाकल्यावर दोन-तीन तुकड्यांत फुटला, तर ओल पुरेशी. हातातच भुगा झाला तर थांबा. वरचे तीन इंच ओले आणि खाली कोरडे, ही सगळ्यांत फसवी स्थिती: बी उगवते आणि आठव्या दिवशी मान टाकते. दुबार पेरणीत बियाण्याचा खर्च दिसतो. त्यापेक्षा वाया गेलेले पंधरा दिवस महाग पडतात.

बाजरीचे एकरी बियाणे सव्वा ते दीड किलो. अरगट या कणसावरच्या बुरशीच्या रोगासाठी दहा लिटर पाण्यात दोन किलो मीठ विरघळवून त्यात बी टाका, तरंगणारे काढून टाका, बुडालेले दोन-तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. धुणे विसरले तर उगवण मार खाते.

जुलै निम्मा कोरडा गेला. आता काय पेरावे?

मूग-उडदाची वेळ जुलैच्या पहिल्या पंधरवड्याबरोबर संपते. नंतर पेरल्यास फुलोरा खंडात सापडतो आणि भुरीही जोर करते. जुलैच्या दुसऱ्या पंधरवड्यात बाजरी, तूर, सूर्यफूल, हुलगा, एरंडी, राळा. बाजरीच्या दोन ओळींमागे तुरीची एक ओळ ठेवा. ऑगस्टच्या पहिल्या पंधरवड्यात बाजरी वगळा; सूर्यफूल, तूर, हुलगा, एरंडी घ्या. ऑगस्ट संपत आला असेल तर खोल काळ्या जमिनीत काहीही घाईने पेरण्यापेक्षा वखरून रान राखा आणि सप्टेंबरच्या ओलीवर दादर, म्हणजे रब्बी ज्वारी, पेरा. तापीकाठच्या भारी जमिनीत दादर एकाही पाण्याशिवाय नुसत्या मुरलेल्या ओलीवर येते. दाणाही देते आणि कडबाही, आणि दुष्काळात कडब्याची किंमत दाण्याच्या बरोबरीला येते.

कापूस या यादीत नाही, हे मुद्दाम सांगतो. जुलैअखेरचा कोरडवाहू कापूस बोंडे धरण्याच्या वेळी ओल संपलेल्या जमिनीत उभा असतो आणि गुलाबी बोंडअळीच्या ऐन हंगामात सापडतो.

उभा कापूस सुकतो आहे. काय करता येईल?

आधी कोळपणी. ‘एक कोळपणी, अर्धे पाणी’ हे खरे आहे, कारण वरचा दोन इंचाचा भुसभुशीत थर भेगा बुजवतो. दर पंधरा दिवसांनी, हलकी. खोल गेलात तर वरच्या मुळ्या तुटतात.

खंड दोन आठवड्यांच्या पुढे गेला की पोटॅशियम नायट्रेट १ टक्का, म्हणजे दहा लिटर पाण्यात १०० ग्रॅम, सकाळी दहाच्या आत किंवा चारनंतर फवारा. पानांतून होणारे बाष्पीभवन कमी करण्यासाठी केओलिन ८ टक्के, दहा लिटरला ८०० ग्रॅम. ते नीट गाळून घ्या, नाहीतर पंपाचे नोझल बुजते. दोन्ही एकत्र मिसळू नका. पाने पूर्ण मलूल होऊन दुपारनंतरही उठत नसतील तर फवारणीचा पैसा वाया जाईल.

पाने लाल पडली की दुकानदार महागडी संजीवके देतात. लाल्या हा बहुतेक वेळा ताण आणि मॅग्नेशियमची उणीव यांचा मिळून परिणाम असतो. दहा लिटरला १०० ग्रॅम मॅग्नेशियम सल्फेट, आठ-दहा दिवसांच्या अंतराने दोनदा. फरदड, म्हणजे वेचणी संपल्यावर तेच झाड राखून काढलेला दुसरा कापूस, मात्र घेऊ नका. दुष्काळी वर्षात चार पैशांसाठी मोह होतो, पण जानेवारीनंतर उभी पऱ्हाटी म्हणजे पुढच्या हंगामाच्या बोंडअळीला घर.

विहिरीत ऑक्टोबरमध्ये चांगले पाणी दिसते. किती एकर बागायत धरावी?

या प्रश्नाचे उत्तर चुकले की बाकी सगळे चुकते, म्हणून सविस्तर लिहितो.

विहिरीत उभे असलेले पाणी हा साठा नव्हे. वीस फूट म्हणजे सहा मीटर व्यासाच्या विहिरीत एक मीटर उंचीचे पाणी साधारण २८,००० लिटर भरते. आठ मीटर पाणी दिसले तरी ते सव्वादोन लाख लिटर, एका एकराला धड दोन पाळ्यांपुरते. खरी मिळकत झऱ्याची असते आणि ती मोजावी लागते.

रीत अशी. २०० लिटरचा ड्रम पाइपाच्या तोंडाशी ठेवा आणि भरायला किती सेकंद लागतात ते पाहा. समजा ६० सेकंद लागले, म्हणजे पंप तासाला १२,००० लिटर देतो. विहीर उपसून घ्या. पंप हवा ओढू लागला की बंद करा, दोरीला गाठ मारून पातळी नोंदवा. किती तासांत पुन्हा दोन तास चालण्याइतके पाणी जमते ते बघा. समजा दहा तास लागले. म्हणजे दिवसात दोन वेळा दोन-दोन तास: ४८,००० लिटर.

आता केळीचा हिशेब करा. ठिबकवर ऑक्टोबरमध्ये एका झाडाला रोज साधारण ११ लिटर लागते. ४८,००० लिटरमध्ये ४,३०० झाडे बसतात, म्हणजे पाच बाय पाच फुटांवर जवळजवळ अडीच एकर. इथेच माणूस फसतो. एप्रिल-मेमध्ये त्याच झाडाला १८ ते २२ लिटर लागते आणि दुष्काळी वर्षात झरा निम्म्यावर येतो असे धरूनच चालले पाहिजे. २४,००० लिटरला २० लिटरने भागा: १,२०० झाडे. पाऊण एकरही नाही.

ऑक्टोबरच्या पाण्यावर अडीच एकर लावलेला माणूस मार्चमध्ये टँकर शोधतो, एप्रिलमध्ये नवीन बोअर घेतो आणि मे महिन्यात बाग सोडून देतो. बोअरचे कर्ज मात्र पुढची तीन वर्षे चालते. म्हणून मेच्या पाण्यावर ऑक्टोबरचे क्षेत्र ठरवा. ही मोजणी दर महिन्याच्या एका ठरलेल्या तारखेला करून वहीत लिहिली, तर दोन वर्षांत तुमच्या विहिरीचा स्वभाव तुम्हाला पाणी शोधणाऱ्या कुठल्याही पाणाड्यापेक्षा चांगला कळेल.

रब्बीतही हाच न्याय. गव्हाला पाच-सहा पाळ्या लागतात. हरभऱ्याला दोन पुरतात, एक फांद्या फुटताना आणि एक घाटे भरताना, त्याही तुषारने. एका एकर गव्हाच्या पाण्यात दोन-अडीच एकर हरभरा सहज निघतो.

केळी आधीच उभी आहे आणि पाणी घटत चालले आहे. सगळी बाग थोडी थोडी भिजवावी का?

नाही. सगळ्या बागेला अर्धे पाणी दिले तर सगळ्याच बागेचे घड हलके येतात आणि बाजारात तो माल कुणी उचलत नाही. बाग विभागा. निसवलेली (घड बाहेर पडलेली) आणि निसवणीच्या तोंडावर असलेली झाडे आधी, लहान झाडे नंतर. गरज पडली तर सगळ्यांत लहान तुकडा सोडून द्या. हा निर्णय फेब्रुवारीत घेतला तर उरलेले वाचते, एप्रिलमध्ये घेतला तर काहीच नाही.

निसवणीच्या वेळी पाण्याचा ताण आणि ४२-४३ अंशांची झळ एकत्र आली की घड पोग्यात, म्हणजे न उलगडलेल्या पानांच्या गळ्यातच, अडकतो. वरचे पान लहान, देठ एकमेकांवर चढलेले आणि खोडाचा गळा फुगलेला दिसला की ओळखा. घड बाजूने फाडून बाहेर येतो, दांडा मोडतो. एकदा अडकलेला घड कुठल्याही फवारणीने सुटत नाही.

बाकी कामे ठरलेली. बुंध्याशी फुटलेली पिले दर पंधरा दिवसांनी जमिनीलगत कापा, कारण प्रत्येक पील मुख्य झाडाच्या वाट्याचे पाणी पिते. खोडाभोवती वाळलेल्या पानांचे किंवा सोयाबीन भुसाचे चार-सहा इंचांचे आच्छादन करा. पश्चिमेच्या बांधावर शेवरी किंवा गजराज गवत हवे, पण ते जूनमध्ये लावलेले असले तरच मेमध्ये वारा अडवते. ऐन उन्हाळ्यात हिरवी जाळी बांधा. घडावर वाळकी पाने झाका. ठिबक दिवसातून एकदा सलग चालवण्यापेक्षा पहाटे आणि रात्री दोन हप्त्यांत चालवा. पाणी खोल गेलेल्या कूपनलिकेचे असेल तर क्षार वाढतात आणि ड्रिपर बुजतात, तेव्हा बागेच्या शेवटच्या टोकाचे दहा ड्रिपर दर आठवड्याला तपासा.

शेततळे करावे का?

पावसाचे वाहून जाणारे पाणी भरणार असाल तर जरूर. ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या, एकास एक उताराच्या तळ्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावते. तुषारने ३० मिलिमीटरची एक संरक्षित पाळी द्यायला एकरी सव्वा लाख लिटर लागते, गळती-उडती धरून दीड लाखाच्या वर. ऑगस्टच्या खंडात एवढी एक पाळी आठ-दहा एकर पीक ओढून नेते. शेततळ्याचे खरे काम हेच.

विहिरीचे पाणी उपसून उन्हाळ्यासाठी तळ्यात साठवणे मात्र चुकीचे आहे, असे आमचे स्पष्ट मत आहे. आपल्याकडच्या उन्हात तळ्याचा रोज साधारण एक सेंटीमीटर थर उडतो. म्हणजे भरलेल्या तळ्यातून दिवसाला ९,००० लिटर. जमिनीखाली सावलीत असलेले सामाईक पाणी वर काढून उन्हात ठेवायचे आणि शेजारच्या विहिरी कोरड्या पाडायच्या, असा तो व्यवहार होतो.

विहीर पुनर्भरण आम्ही केले, पण विहीर गाळाने भरली.

गाळण नीट नसली की असेच होते. ओहोळाचे पाणी सरळ विहिरीत सोडायचे नाही. आधी दीड मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर खोल असा छोटा खड्डा, त्यात जड गाळ बसतो. तिथून पाणी विहिरीपासून दोन-तीन मीटरवरच्या २ बाय २ बाय २ मीटरच्या मुख्य टाकीत. तिच्यात तळाशी मोठे दगड, वर खडी, वर जाड वाळू, प्रत्येक थर एक फुटाचा. तळातून निघालेला पाइप विहिरीत एक-दीड फूट आत आलेला असावा, नाहीतर पाणी काठावरून ओघळून बांधकाम ढासळते. पहिले दोन मोठे पाऊस बाहेर काढून द्या, ते सगळ्यांत गढूळ असतात. दरवर्षी मे महिन्यात वरचा वाळूचा थर काढून धुवा. वाळू न धुता तीन वर्षे ठेवली की टाकी नुसते डबके होते. फवारणीच्या रानातून, गोठ्यातून किंवा गावच्या गटारीकडून येणारे पाणी कधीही घेऊ नका.

गावपातळीवर शिरपूर तालुक्यातली नाले खोल-रुंद करण्याची कामे सगळ्यांना ठाऊक आहेत. भूगर्भशास्त्रज्ञ सुरेश खानापूरकर यांनी ती भूस्तर पाहून आखली. नुसता खोदणारा पोकलेन आणून तीच नक्कल जिथे-तिथे केली तर पाणी मुरेलच असे नाही. यावल-रावेरच्या सातपुडा पायथ्याला दगड-गोट्यांचा जो बझाडा पट्टा आहे, तो पाणी मुरण्याचे मुख्य दार आहे. तापी महापुनर्भरण योजनेसाठी मध्य प्रदेश आणि महाराष्ट्राने २०२५ मध्ये करार केला तो याच पट्ट्याच्या जोरावर. काम होईपर्यंत निदान तिथल्या नाल्यांतली वाळू-गोटे उपसणे तरी गावांनी थांबवावे.

फड पद्धतीबद्दल ऐकतो. टंचाईत तिचा आज काही उपयोग आहे का?

पांझरा, मोसम या नद्यांवर काही शतके चाललेली ही व्यवस्था आहे. नदीवर बंधारा, त्यातून पाट, आणि पाटाखालच्या जमिनीचे तीन-चार फड. एका फडात एकच पीक. बहुतेक शेतकऱ्यांची जमीन प्रत्येक फडात थोडी थोडी. पाणी कमी असले की पंच एखादा फड भिजवायचा नाही असे ठरवत, आणि मग नुकसान सगळ्यांच्याच वाट्याला सारखे येई. पाटाच्या टोकाचा एकटा मरत नसे. पाणी सोडायला पाटकरी आणि राखणीला जागल्या गावानेच नेमलेले.

धरणे, विहिरी आणि वाटण्यांनंतर ती जशीच्या तशी परत आणता येणार नाही. पण तिचे मूळ तत्त्व, आधी पाणी मोजा आणि मग क्षेत्र सगळ्यांचे सारख्या प्रमाणात कमी करा, एका नाल्यावरच्या पंधरा-वीस विहिरींना आजही लागू करता येते. दसऱ्याच्या सुमारास एकत्र बसून ‘यंदा कुणीही एकरापेक्षा जास्त बारमाही पीक धरायचे नाही’ एवढा एक ठराव झाला आणि पाळला गेला, तरी मेमध्ये गावाची प्यायची विहीर टिकते.

गिरणेचे आवर्तन (कालव्याला ठरलेल्या वेळी सुटणारे पाणी) मिळेल या भरवशावर रब्बी पेरावी का?

गिरणा धरणातून पांझण डावा आणि जामद्याच्या कालव्यांवर चाळीसगाव, भडगाव, पाचोऱ्यापर्यंतची शेती अवलंबून आहे. धरण कमी भरले की पिण्याचे आरक्षण आधी बाजूला काढतात आणि उरलेल्यावर शेतीची आवर्तने ठरतात. कालवा सल्लागार समितीचा निर्णय येईपर्यंत गहू पेरू नका. पाटाच्या पाण्यासाठी नमुना ७ चा अर्ज मुदतीत भरा आणि पोच ठेवा. शेपटाकडच्या शेतकऱ्यांनी जाहीर झालेल्या आवर्तनांपैकी एक कमी धरूनच पीक निवडावे.

गुरे विकावी की ठेवावी?

मोठ्या जनावराला दिवसाला सहा-सात किलो वाळला चारा आणि जमल्यास पंधरा किलो हिरवा लागतो. पाणी उन्हाळ्यात ५० लिटरच्या पुढे. दिवाळीला कडबा मोजा. एका जनावराला जूनअखेरपर्यंत, आठ महिन्यांना, सुमारे १६ क्विंटल. तेवढा साठा नसेल तर भाकड आणि जादा जनावर दिवाळीनंतर लगेच विका. मार्चच्या बाजारात सगळेच विकायला येतात आणि दर कोसळतो. दुभती गाय आणि शेळ्या शेवटपर्यंत सोडू नका. शेळी अडचणीच्या महिन्यात रोकड देते आणि घरात दूधही.

निकृष्ट काड, भुसा सुधारायला १०० किलोला ४ किलो युरिया ४०-५० लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थराथराने शिंपडा, दाबून प्लॅस्टिकखाली २१ दिवस हवाबंद ठेवा. उघडल्यावर तासभर हवा लागू द्या, मग थोड्या थोड्याने सवय लावा. युरियाचे खडे राहिले किंवा ते पाणी जनावराने प्यायले तर जनावर दगावते. सहा महिन्यांखालच्या वासरांना हा चारा देऊ नका.

ताण बसलेली, गुडघ्याखालची ज्वारी कधीही चारू नका. कोवळ्या पोंग्यांत हायड्रोसायनिक आम्ल असते आणि तासाभरात जनावर आडवे पडते. केळीचे खोड चालते, पण त्यात बहुतेक पाणीच असते. कुट्टी करून वाळल्या चाऱ्यात मिसळा, एकटे देऊ नका, हगवण लागते.

रेशन तर मिळते. मग अन्नसुरक्षेचा प्रश्न कुठे उरतो?

उरतो, आणि आपल्याकडे तो लपून राहतो. खान्देश कापूस आणि केळी पिकवतो. दोन्ही पिके विकून मग धान्य, डाळ, तेल आणायचे असते. दुष्काळात दुकान रिकामे पडत नाही, खिसा रिकामा पडतो.

पाच माणसांचे घर घ्या. माणशी दिवसाला सरासरी साडेतीनशे ग्रॅम धान्य धरले तरी महिन्याला ५० किलोच्या पुढे जाते. प्राधान्य कुटुंबाला माणशी ५ किलोप्रमाणे २५ किलो मोफत मिळते. अंत्योदय कार्डावर घरटी ३५ किलो. म्हणजे अर्धे धान्य विकतचे. रेशनवर डाळ, भाजी, दूध नाही. पैसा आटला की पहिली डाळ पातळ होते, मग दूध चहापुरते उरते, मग भाजीऐवजी मिरचीचा ठेचा. भाकरी ताटात असते, त्यामुळे कुणी उपाशी दिसत नाही. पण बाईच्या अंगातले रक्त आणि लेकराचे वजन उतरत जाते.

म्हणून कोरडवाहू घराने निदान एक एकर घरच्या धान्यासाठी ठेवावा, असे आम्ही आग्रहाने सांगतो. बाजरी-तूर किंवा दादर. रेशन वजा जाता वर्षाला तीन-साडेतीन क्विंटल धान्य लागते. मध्यम वर्षात कोरडवाहू एकर ते देतो आणि वाईट वर्षात निम्मे तरी. तुरीच्या ओळींतून घरची डाळ निघते: माणशी ४० ग्रॅमने पाच जणांना वर्षाला ७३ किलो. बांधावर उडीद टाकला तर कळण्याच्या भाकरीची सोय होते. ज्वारी-उडदाची ती भाकरी एकट्या ज्वारीपेक्षा कितीतरी सकस. सातपुड्यातल्या पाड्यांवर मोर, बर्टी, भादी ही बारीक धान्ये हलक्या उतारावर कमी पावसातही येतात. त्यांचे बी गावातून नाहीसे झाले तर बाजारात मिळणार नाही.

साठवताना दाणा दाताखाली कट्कन फुटेपर्यंत वाळवा. गरम धान्य कणगीत भरू नका, घाम सुटतो आणि बुरशी धरते. डाळीला किलोमागे ५ मिलिलिटर खाद्यतेल चोळले की सहा महिने भुंगा लागत नाही.

लहान मुलाचे खाणे कमी पडते आहे हे घरच्या घरी कसे ओळखावे?

सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाचा घेर अंगणवाडीत पट्टीने मोजून घ्या. १२.५ सेंटीमीटरपेक्षा कमी म्हणजे धोक्याची सूचना. ११.५ पेक्षा कमी म्हणजे तीव्र कुपोषण, त्याच दिवशी आरोग्य केंद्रात न्या. दोन्ही पायांवर सूज असेल तर घेर कितीही असो, थांबू नका. आदिवासी भागात अमृत आहार योजनेतून गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे पूर्ण जेवण आणि मुलांना अंडी किंवा केळी मिळायची असतात. ते बंद पडले असेल तर ग्रामसभेत लेखी मांडा.

ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला जायचे आहे. मागे काय सोय करावी?

शिधापत्रिकेतल्या सगळ्यांचे आधार जोडलेले आणि ई-केवायसी झालेले असेल तर धान्य दुसऱ्या जिल्ह्यात, दुसऱ्या राज्यातही उचलता येते. घरातले म्हातारे मागे राहणार असतील तर त्यांच्या वाट्याचे गावात आणि तुमचे कामाच्या ठिकाणी, असेही घेता येते. उचल (आगाऊ रक्कम) किती घेतली, कोणत्या दिवशी आणि किती टनांत फिटणार, हे कागदावर मुकादमाच्या सहीने लिहून घ्या. निघण्यापूर्वी लहान मुलांच्या लसीकरणाचे कार्ड बरोबर घ्या आणि शाळेतल्या मुलांसाठी हंगामी वसतिगृहाची चौकशी गुरुजींकडे करा.

गावात काम हवे असेल तर रोजगार हमीचा मागणी अर्ज, नमुना ४, ग्रामपंचायतीत द्या आणि तारखेची पोच घ्याच. पंधरा दिवसांत काम न मिळाल्यास बेकारी भत्त्याचा हक्क त्या पोचेवरच उभा राहतो. तोंडी मागणीची कुठे नोंद होत नाही.

दुष्काळ जाहीर कसा होतो आणि त्याने नेमके काय मिळते?

केंद्राच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेप्रमाणे आधी पावसाची तूट आणि खंड पाहतात. मग पेरणीचे क्षेत्र, उपग्रहावरून दिसणारी पिकांची स्थिती, जमिनीतली ओल, धरणे आणि भूजल. त्यानंतर निवडक गावांत प्रत्यक्ष पाहणी. पाहणीचे पथक गावात येते तेव्हा रस्त्याकडेचे बागायत न दाखवता कोरडवाहू रान दाखवणे हे ग्रामपंचायतीचे काम आहे.

पैसेवारी, म्हणजे नेहमीचे पीक एक रुपया धरून यंदाचे किती पैसे आले हे ठरवणे, ही वेगळी, जुनी पद्धत. नजर अंदाज सप्टेंबरअखेर, सुधारित ऑक्टोबरअखेर, अंतिम डिसेंबरात. ५० पैशांच्या आत आली तर टंचाईसदृश सवलती लागू होतात. हरकत सुधारित पैसेवारीच्या आधी घ्या, नंतर उशीर होतो.

जाहीर झाल्यावर जमीन महसुलात सूट, पीककर्ज वसुलीस स्थगिती व पुनर्गठन, कृषिपंपाच्या चालू वीजबिलात ३३.५ टक्के सूट, टंचाईग्रस्त गावात पंपाची वीज न तोडणे, विद्यार्थ्यांना परीक्षा शुल्क माफी, रोजगार हमी योजनेच्या निकषांत शिथिलता आणि टँकर, एवढे मिळते. शेतीचे अनुदान निराळे. २०२२ च्या केंद्रीय निकषांनुसार ३३ टक्के किंवा अधिक नुकसान असेल तर कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० रुपये, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकांना २२,५००, दोन हेक्टरच्या मर्यादेत. या पैशांत लागवडीचा खर्चही निघत नाही, हे खरेच आहे. पण ई-पीक पाहणी (मोबाइलवरून पिकाची नोंद) राहून गेली म्हणून तेही हुकू देऊ नका.

विमा आणि कर्जाचे काय?

पीकविम्याची भरपाई तुमच्या एकट्याच्या शेतावर ठरत नाही. महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांची सरासरी उंबरठा उत्पन्नाखाली, म्हणजे मागच्या वर्षांच्या उत्पन्नावरून ठरवलेल्या मर्यादेखाली, गेली तरच ती मिळते. २०२५ च्या खरिपापासून राज्यात हाच मुख्य आधार आहे आणि एक रुपयात विमा ही सोय संपली. कापणी प्रयोगाच्या दिवशी गावातल्या जाणत्यांनी हजर राहावे. केळीचा हवामानावर आधारित विमा कमी-जास्त तापमान, वेगाचा वारा आणि गारपीट यांसाठी आहे. विहीर आटून बाग गेली तर तो काहीच देत नाही.

दुष्काळ जाहीर झाल्यावर पीककर्जाचे मुदत कर्जात रूपांतर होऊ शकते. नुकसान ३३ ते ५० टक्के असेल तर कमाल दोन वर्षे, त्याहून जास्त असेल तर पाच वर्षांपर्यंत. बँकेला अर्ज लेखी द्या. पुनर्गठन केले नाही आणि खाते थकीत गेले, तर नव्या पीककर्जाला अडचण येते आणि माणूस सावकाराच्या दारात जातो. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) सालदाराचा, म्हणजे वर्षाच्या बोलीवरच्या गड्याचा, हिशेब फिटवायलाही मग त्याच दारातून पैसे येतात.

टँकरचे पाणी कसे मागायचे?

ग्रामपंचायतीचा ठराव पंचायत समितीला. मग संयुक्त पाहणी आणि मंजुरी. प्रमाण माणशी रोज २० लिटर. खेपांची नोंदवही गावात ठेवून दोन महिलांच्या सह्या घ्या. विहिरीत ओतलेल्या पाण्यात दर १,००० लिटरला ५ ग्रॅम ब्लिचिंग पावडर बादलीत कालवून, निवळी तेवढी टाका. अर्ध्या तासाने वापरा. सार्वजनिक पिण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत नवी विहीर किंवा बोअर कुणी घेत असेल तर तहसीलदारांकडे लेखी तक्रार करता येते.

दोन वर्षांनी चांगला पाऊस आला. लगेच पूर्वीसारखी पिके घ्यावी का?

पहिल्या वर्षी बारमाही क्षेत्र वाढवू नका. वर सांगितलेली विहिरीची मोजणी ऑक्टोबर ते मे पूर्ण करा आणि मगच पुढच्या वर्षाचा बाग ठरवा.

घरचे बियाणे पेरण्याआधी उगवण तपासा. ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत १०० दाणे मांडा, गुंडाळी करून सावलीत ठेवा, रोज पाणी शिंपडा. ज्वारी-बाजरीचे पाचव्या-सहाव्या दिवशी, तुरीचे सातव्या दिवशी मोजा. ७० च्या वर उगवले तर नेहमीचे प्रमाण. ६० ते ७० असेल तर बियाणे त्या हिशेबाने वाढवा. त्याखाली असेल तर ते दळायला न्या आणि शेजाऱ्याकडून बी बदलून घ्या. ताणात भरलेला दाणा बारीक असतो, म्हणून चाळणीवर राहिलेला टपोरा तेवढाच बियाण्याला निवडा.

मृगाचा पहिला जोराचा पाऊस सुकलेल्या बांधांना फोडतो. पेरणीच्या धांदलीआधी बांधाची भगदाडे बुजवा, आणि पुनर्भरणाच्या टाकीची वाळू धुवायची राहिली असेल तर पहिले पाणी येण्याआधी तेवढी धुऊन घ्या.